आजोबांना वाक्य नाही

आमचे हे चाळीस वर्षं नट आहेत, आणि चाळीस वर्षांत पडद्यावर जेवढं बोलले असतील तेवढं मी एका सकाळी भाजीवाल्याशी बोलते.

थट्टा नाही करत. एकदा सगळ्या भूमिका आठवून हिशोब केला होता. दुसरा वकील: ‘माझी हरकत आहे.’ डॉक्टर: ‘आम्ही खूप प्रयत्न केले.’ मारामारी संपल्यावर पोचणारा फौजदार: ‘घ्या ह्याला ताब्यात.’ आणि मालकाच्या मागे फाईल धरून उभा असलेला कारकून: ‘हो साहेब.’ हा कारकून इतक्यांदा केला की स्टुडिओत त्यांचं नावच होसाहेब पडलं. रस्त्यात लोक ओळखतात, पण कशातले ते आठवत नाही. बँकेत एका बाईंनी त्यांना आपल्या नणंदेचे दीर समजून सगळ्यांची चौकशी केली, आणि ह्यांनीही कुणाची निराशा नको म्हणून सगळ्यांची खुशाली सांगून टाकली.

पानभर भाषण एकदाच मिळालं. मुलाला फाशी होणार असते आणि बाप कोर्टात उठून बोलतो. महिनाभर घरात पाठांतर चाललं होतं. सासूबाई स्वयंपाकघरात कागद हातात धरून बसायच्या आणि शब्द चुकला की थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायच्या. सिनेमा लागला तेव्हा सगळं घर घेऊन गेलो. बाप उठला, त्यानं तोंड उघडलं, आणि पुढच्या क्षणी नायिका बागेत पळत होती. लांबी जास्त होत होती म्हणे. परत येताना सासूबाई फक्त म्हणाल्या की उभा छान राहिलास.

सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं सासूबाईंची नजर गेली. तेव्हापासून त्या मुलाचं काम ऐकतात. संध्याकाळी सातच्या मालिकेत हे आजोबा होते. रोज एखादं वाक्य असायचं, ‘जेवलीस का पोरी?’ किंवा ‘सांभाळून जा.’ तेवढं कानावर पडलं की सासूबाईंचा दिवस सार्थकी लागायचा आणि त्या जेवायला उठायच्या.

मग मालिकेतल्या आजोबांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ह्यांनी लेखकाला गाठून विचारलं की निदान अधूनमधून एखादा शब्द तरी? लेखक आमच्या मुलाच्या वयाचा, पण स्वभावानं चांगला. तो म्हणाला की काका, आजोबांना घरातलं सगळं गुपित माहीत आहे, ते बोलले तर मालिकाच संपेल. तेव्हापासून रोजच्या कागदावर ह्यांच्या नावापुढे एकच ओळ यायची: आजोबांना वाक्य नाही. दिवसभर चाकांच्या खुर्चीत मान कलती करून बसायचं आणि घरी यायचं.

हे सगळं आम्ही सासूबाईंना नीट सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यातही चूक ह्यांचीच. तरुणपणी एकदा चार महिने काम नव्हतं, तेव्हा हे रोज डबा घेऊन निघत आणि दिवसभर वाचनालयात बसून परत येत. ते पुढे उघडकीला आलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी शपथेवर सांगितलं की ते पडद्यावर आहेत, खुर्चीत बसलेत, अंगावर शाल आहे. सासूबाई म्हणाल्या, तू त्याचीच बाजू घेणार.

दहाव्या दिवशी त्यांनी मला बोलावून आपले कपडे बॅगेत भरायला सांगितले. पोराला काम राहिलं नाही, मी कशाला बसून खाऊ, लेकीकडे जाते. माझ्या नणंदेचं घर मोठं आहे, ती प्रेमानं ठेवून घेईल, हरकत घ्यायला जागाच नव्हती. हे दाराशी उभे राहून ऐकत होते. नंतर स्वयंपाकघरात आले.

‘आई गेली तर मी काम करू कुणासाठी?’

मला राग आला. मी काय मेले होते? पण मी त्यांची मालिका धड बघत नाही, भाजी निवडते नाहीतर डुलक्या काढते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून पुढ्यातली भाजी निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी जे ठरवलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. पण ऐकलं. पावणेसातला दार लोटून ठेवलं. हे स्टुडिओतून तसेच धावत आले, हातात जोडे घेऊन, पायात मोजे, आणि चोरासारखे टीव्हीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. सासूबाई समोर आरामखुर्चीत. रिमोट माझ्या हातात. पडद्यावर आजोबांचा चेहरा आला तसा मी आवाज बंद केला.

‘जेवलीस का पोरी?’ हे म्हणाले.

सासूबाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर थबकला. मग म्हणाल्या, ‘बोलायला लागला वाटतं.’

मी म्हटलं, औषध लागू पडलं. आणि बॅगेतले कपडे काढून पुन्हा कपाटात लावले. आठ वाजता ह्यांनी बाहेर जाऊन घंटी वाजवली आणि दमून आल्याचं नाटक केलं. नाटक कसलं, दमलेलेच होते.

एकदाच करायचं म्हणून सुरू केलेलं रोजचं झालं. आजोबांचं बोलणं मालिकेतलं कुणीच मनावर घेत नव्हतं, कुणी उत्तर देत नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसाचं घरात तसंही कोण ऐकतं? त्यामुळे ते अगदी खरं वाटायचं. हळूहळू ह्यांची भीड चेपली. एका वाक्याची चार झाली. वही आणली. गाडीत बसून लिहायचे. खलनायिका सुनेला एकदा त्यांनी असं झाडलं की ती पडद्यावर हसत होती आणि इकडे सासूबाई म्हणत होत्या, बरं झालं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. पुढे तर नायक-नायिकेची वाक्यंही मला बंद करावी लागायची, आजोबांचं आटपलेलंच नसायचं. मी म्हटलं, अहो, बोट दिलं तर हात काय धरता? ते ऐकून त्यांना आनंदच झाला.

पण वय अडुसष्ट. दिवसभर पगारी गप्प बसायचं, संध्याकाळी बिनपगारी उभं राहून बोलायचं. गुडघे सुजले. मी शेक द्यायची. माझाही जीव मेटाकुटीला आला होता, रोज सातला हातातलं काम टाकून रिमोट घेऊन बसायचं. एकदा न राहवून म्हटलं की पुरे झालं आता, कुठवर चालणार हे?

‘मालिका आहे तोवर,’ ते म्हणाले.

मालिका राहिली, आजोबा गेले. फोन आला की उद्या शेवटचा दिवस. ह्यांनी खुर्चीत मान टाकली, दोनदा चित्रीकरण झालं, मेकअपवाल्यानं मिशी काढून डबीत ठेवली आणि म्हणाला, होसाहेब, भेटू परत. तो भाग तीन आठवड्यांनी दिसणार होता. म्हणजे तीन आठवडे सासूबाई घरात होत्या. त्यानंतर बॅग पुन्हा निघणार हे आम्हा दोघांना कळत होतं, पण तो विषय आम्ही काढला नाही. पूर्वीच्या चार महिन्यांसारखे हे रोज डबा घेऊन निघायचे आणि वाचनालयात बसून वहीत आजोबांचं शेवटचं बोलणं लिहायचे. दोन पानं झाली होती.

त्या संध्याकाळी ते टीव्हीशेजारी उभे राहिले तेव्हा त्यांनी दाढी केली होती, स्वच्छ सदरा घातला होता. दोन पानं पाठ होती. आणि आजोबा सुरुवातीलाच, जाहिरातीच्याही आधी, गेले. चार सेकंदांत. मान कलली, चेहरा गेला, सून किंचाळली. मी घाईनं आवाज बंद केला. ह्यांनी तोंड उघडलं.

शब्द आला नाही. चाळीस वर्षांत हे कधी वाक्य विसरले नव्हते, विसरण्याएवढं कुणी दिलंच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते टीव्हीकडे, तिथे त्यांच्यावर चादर ओढली जात होती.

‘बस आता,’ सासूबाई म्हणाल्या. टीव्हीकडे नाही, टीव्हीच्या डावीकडे तोंड करून. ‘तीन महिने उभा आहेस. गुडघे दुखत असतील.’

हे जागचे हलले नाहीत. कधी कळलं तुम्हाला, असं मीच विचारलं.

‘पहिल्या दिवशीच. टीव्हीचा आवाज खालून येतो, ह्याचा वरून आला. आणि मिशीच्या गोंदाचा वास. एरवी आला की आधी अंघोळीला जायचा, त्या दिवशी तसाच उभा होता. म्हणजे काम आहे. मी उगाच संशय घेतला.’

‘मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी रोज रिमोट घेऊन बसत होते.’

‘त्याला एवढं कुणी कधी बोलू दिलं होतं का गं?’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, सासूबाईंना दिसणार नव्हतं आणि हे आईकडे बघत होते.

हे म्हणाले, ‘आई, काम संपलं. आता खरंच नाही.’

‘कळलं. तीन आठवडे वास नाही येत.’

‘मग तू ताईकडे जाणार?’

‘जाईन तेव्हा जाईन. खुर्ची घे. आणि ते कोर्टातलं म्हण.’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्ही बंद केला आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून दिली. ते बसले, घसा साफ केला, आणि मुलाच्या फाशीच्या दिवशी बाप जे बोलतो ते बोलायला लागले. तिसऱ्या वाक्याला चुकले. सासूबाईंनी हात वर करून थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.