पाचवं नाव

“प्रोफे, सिस्टीम घेत नाहीये,” देर्लीस म्हणाला.

“घेत नाहीये म्हणजे? पुन्हा दाब.”

देर्लीसनं पुन्हा दाबलं. पडद्यावर पुन्हा तीच लाल पट्टी. सुनिल्दा बेनेगासनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि वाकून वाचलं. ‘भाषा आणि संगणक’ या विषयाला तिचं नाव घालता येत नव्हतं, कारण त्याच्याआधी करायचा संख्याशास्त्राचा विषय म्हणे तिच्या नावावर नव्हता.

“नव्हता? अरे, पाचपैकी पाच मिळालेत मला त्यात!”

“मिळालेत ना. पण शिळे झाले.” देर्लीस खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला. “नव्या नियमानं केलेला विषय पाच वर्षंच धरतात. मग पुन्हा करायचा.”

“शिळे व्हायला तो काय कालचा चिपा-पाव आहे? आणि डिसेंबरात माझ्या आराखड्यावर सही कुणी केली? तुझ्या काकानं?”

“मीच केली, प्रोफे. पण तेव्हा सिस्टीम जुनी होती.”

सुनिल्दानं डोळे मिटून घेतले. समोर बसलेल्या या माणसाला संगणक चालू कसा करायचा हे तिनंच शाळेत शिकवलं होतं. तेव्हाही त्याचं हेच. गृहपाठ केला होता, पण साठवायचा राहिला. आता तो एन्कार्नासिओनच्या विद्यापीठात संगणकाच्या पदव्युत्तर वर्गांचा समन्वयक होता. हंगामी समन्वयक. कायम होणार कसा? सगळ्या गावाला विषयांचे आराखडे आखून देता देता त्याचा स्वतःचाच शेवटचा विषय राहून गेला होता, आणि पदवीशिवाय खुर्ची कायम होत नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

सुनिल्दाला खुर्चीबिर्ची नको होती. शाळेतली नोकरी तिची होतीच, आणि निवृत्तीही काही लांब नव्हती. तिला हवा होता फक्त हा एक विषय.

त्याचं कारण होतं तिची आई, न्या लिब्रादा, म्हणजे लिब्रादाबाई. म्हातारीला ग्वारानीशिवाय दुसरी भाषा येत नाही. मागे आरोग्यकेंद्रानं नंबर लावायला फोनवर मशीन बसवलं, आणि ते मशीन बोलतं फक्त स्पॅनिश. एक दाबा, दोन दाबा, आपलं नाव सांगा. म्हातारी आपली ग्वारानीत नाव सांगते, बापाचं सांगते, गुडघ्याचं दुखणं सांगते. मशीन म्हणतं समजलं नाही, आणि फोन ठेवून देतं. एकदा सुनिल्दा शाळेत असताना म्हातारी नुसता नंबर लावायला भर उन्हात चालत निघाली आणि वाटेत चक्कर येऊन पडली. चिपा विकणाऱ्या बाईनं तिला सावलीत ओढलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून सुनिल्दानं मनाशी घेतलं होतं, ग्वारानी कळणारं मशीन करायचं. प्रबंधाचा विषय तोच. मध्ये नवऱ्याच्या आजारपणात अभ्यास सुटला, नवराही गेला, पण विषय काही तिनं सोडला नाही.

मार्गदर्शन करायला डॉक्टोरा आयडे तयार होत्या. त्या नदीपलीकडच्या देशातून, पोसादासहून यायच्या. अट एकच, आधी माझा वर्ग कर. आणि हे त्यांचं शेवटचं सत्र. मग त्या निवृत्त.

बरं, वर्ग उघडायला पाच डोकी लागतात. जानेवारीभर सुनिल्दा त्या पाच डोक्यांसाठी वणवण फिरली होती. जो तो ‘प्रकल्प व्यवस्थापन’ घ्यायला टपलेला, कारण त्यात अभ्यास नाही. बँकेतल्या एउलोहिओला तिनं बँकेच्या रांगेत उभं राहून पटवलं, मागचे लोक ओरडत असताना. ओळखपत्र खात्यातल्या दोघांना गणित शिकवायचं कबूल केलं. कोरोनेल बोगादो गावची लिस माबेल, अंगावर पिणारं पोर घेऊन शिकणारी, तिला तर घरी जाऊन समजावलं. चार ते, पाचवी ही.

“मग मी संख्याशास्त्र पुन्हा करते,” सुनिल्दा म्हणाली. “दोन्ही बरोबर करते. घाल नाव.”

“दोन्ही शनिवारी सकाळी आहेत, प्रोफे.”

“मग एक दुपारी कर ना! वेळापत्रक तूच करतोस ना?”

“संख्याशास्त्राचे सर असुन्सिओनला परत जायची बस दुपारी धरतात. आणि दुपारी सरहद्दीच्या पुलावर ही गर्दी. डॉक्टोरा म्हणतात, त्या रांगेत मी उभी राहणार नाही.” देर्लीसनं पेल्यात तेरेरेची पानं भरली, बर्फाचं पाणी ओतलं आणि तिच्यापुढे धरला. मग हळूच म्हणाला, “आणखी एक आहे. तुमचं नाव गेलं म्हणजे चारच उरले. आज सहाला यादी बंद होते. चार असले तर विषयच रद्द.”

सुनिल्दानं नळीतून एका दमात पेला रिकामा केला. “ग्रासियास,” ती म्हणाली आणि पेला त्याच्या हातात ठेवला. तेरेरे पिताना आभार मानले म्हणजे मला आता पुढची फेरी नको. देर्लीसचं तोंड एवढंसं झालं.

ती फाटकापर्यंत पोचते न पोचते तोच फोन वाजला. लिस माबेल.

“न्या सुनिल्दा, सासूबाई हो म्हणाल्या! शनिवारी बाळाला त्या बघणार. मी तर नाचलेच हो स्वयंपाकघरात. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. खरंच लागलंय. ते पुस्तक तुम्ही दिलंत ना, मी रात्री पाजता पाजता वाचते.”

“बरं झालं गं,” सुनिल्दा म्हणाली. पुढचं न सांगताच तिनं फोन ठेवला.

घरी न्या लिब्रादा ओसरीवर मांदिओकाचे कंद सोलत बसली होती. लेकीचं तोंड बघून तिनं सुरी खाली ठेवली.

“काय गं? कुणी मेलं का?”

“नाही. तो मशीनचा विषय मला देत नाहीत.”

“मग सुटलीस! शिकून शिकून दात पडायला आले तुझे, तरी हौस फिटेना. मला काय करायचंय मशीन? मी त्याला शिव्या देते, ते मला देतं. आमचं बरं चाललंय.”

“आई, गप्प बस जरा.”

“बसते.” म्हातारी गप्प बसली, म्हणजे चार सालं निघेपर्यंत. “आणि त्या बोगादोच्या पोरीचं काय? तिला तू भरीला घातलंस ना? का तीही आली तशीच परत?”

सुनिल्दा आत गेली आणि पलंगावर आडवी झाली. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. नियम करणाऱ्यांचा आला, देर्लीसचा आला, मेलेल्या नवऱ्याचाही आला, आणि त्याचा आला म्हणून आणखी रडू आलं. आपलं घोडं तर अडलंच. पण त्या पोरीचा काय दोष? एउलोहिओ बिचारा रविवारचा फुटबॉल सोडून गणिताची उजळणी करत होता. आपण त्यांना हाताला धरून आणलं, आणि आपल्याच पायी दार बंद व्हायचं.

आता पाचवं माणूस आणायचं कुठून? जो मिळण्यासारखा होता तो जानेवारीतच तिला बघून रस्ता बदलायला लागला होता. मग ती उठून बसली. एक होता की. रस्ता न बदलणारा, कारण तो खुर्चीतून उठतच नव्हता.

चारच्या सुमाराला ती पुन्हा देर्लीसच्या खोलीत. गाव अजून वामकुक्षीतून पुरतं उठलं नव्हतं. देर्लीसही.

“तुझा एक विषय राहिलाय ना?”

देर्लीसला कळायला क्षणभर लागला. मग तो दोन्ही हात हलवायला लागला. “नाही नाही नाही. प्रोफे, मला वेळ कुठे? शनिवारी मला वर्ग उघडायचे, पडदे लावायचे, कुणाचा पंखा बंद, कुणाची चावी हरवली...”

“चाव्या मी बघते.”

“आणि माझं गणित तुम्हाला माहीत आहे.”

“चांगलं माहीत आहे. पण संख्याशास्त्र झालंय ना तुझं गेल्या वर्षी, दुसऱ्या खेपेला का होईना? ते शिळं नाही.”

“झालंय, पण...” त्याचा आवाज खाली गेला. “तुमच्या जागी मी? लोक काय म्हणतील? समन्वयकानं प्रोफेला काढलं आणि स्वतःचं नाव घातलं. मला नाही जमायचं ते. खरंच नाही.”

सुनिल्दा पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघत राहिली. पोरगं कामात गबाळं होतं, पण मनानं तसं नव्हतं.

“लोकांना मी बघून घेईन. ती पोरगी तान्हं पोर सासूकडे ठेवून येणार आहे, देर्लीस. नाव घाल.”

त्यानं आपलं नाव घातलं आणि बटण दाबलं. पट्टी हिरवी झाली.

“घेतलं,” तो ओशाळून म्हणाला.

“घेणारच. सिस्टीमला काय लाज? आता मला संख्याशास्त्राला घाल.”

शनिवारी दोन्ही वर्ग शेजारी शेजारीच होते, मध्ये एक पातळ भिंत. संख्याशास्त्राच्या वर्गात सगळी नवी भरती, तिनं शाळेत पाच-सहा वर्षांपूर्वी शिकवलेल्यांच्या वयाची. असुन्सिओनची बस उशिरा आली होती, सरांचा पत्ता नव्हता. सुनिल्दा व्हरांड्यात चाव्यांचा जुडगा घेऊन उभी होती, तेवढ्यात शेजारच्या वर्गाची मधली सुट्टी झाली आणि देर्लीस बाहेर आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

“कसं आहे?”

“अर्धं डोक्यावरून गेलं. लिस माबेल मात्र प्रश्नांवर प्रश्न विचारतेय. डॉक्टोरा खूश आहेत.” तो तिथेच घुटमळला. “प्रोफे, त्यांनी प्रत्येकाला कामाचा विषय मागितलाय. आत्ता, सुट्टी संपली की. सगळ्यांकडे आहे. माझ्याकडे काही नाही.”

“मग?”

“तुमचा घेऊ का? नको तर नको. मी दुसरं काहीतरी सांगतो.”

नवऱ्याच्या खाटेशेजारी बसून, औषधाच्या वेळांच्या मधेमधे सुनिल्दानं त्या मशीनचा विचार केला होता. पहिला प्रश्न त्यानं काय विचारावा, म्हातारं माणूस बोलताना थांबलं तर त्यानं किती वाट बघावी, सगळं. ते उचलून या गबाळ्याच्या हातात द्यायचं? द्यावंसं वाटत नव्हतं. मुळीच वाटत नव्हतं.

“ग्वारानी तरी धड येते का तुला?”

“आजीशी तेच बोलायचो.”

“उद्या घरी ये,” ती फटकन म्हणाली. “आईचा आवाज भरून घे. ती शिव्या देईल. त्याही भर, गाळू नकोस. मशीनला कळायला हव्यात. आणि तिला घाई करायची नाही. ती मध्ये थांबते. थांबली म्हणजे तिचं संपलं असं नाही.”

“प्रबंधात मी तुमचं नाव...”

“आधी प्रबंध तर पूर्ण कर. पळ, सुट्टी संपली.”

तेवढ्यात संख्याशास्त्राचे सर धापा टाकत आले. तिशीचेही नसतील. सगळे आत जाऊन बसले, सुनिल्दा पहिल्या बाकावर भिंतीकडेला. सरांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि हजेरी काढली. भिंतीपलीकडून देर्लीसचा आवाज येत होता. तो विषय सांगत होता. आरोग्यकेंद्राचा फोन, म्हातारी माणसं, ग्वारानी. मग तो अडखळला. “म्हणजे, डॉक्टोरा, मशीननं काय करायचं की...” आणि गप्पच झाला. पुढचं वाक्य सुनिल्दाच्या ओठांवर आलं. अख्खं, नीट जुळवलेलं.

“बेनेगास, सुनिल्दा,” सरांनी दुसऱ्यांदा हाक मारली आणि पोरांच्या रांगांवरून नजर फिरवली.

ती उठून उभी राहिली.

“हजर.”