माझ्या भावाला ती 'सर' म्हणायची

माझ्या भावाला कुठे नेलं?

हे मी सगळ्यांना विचारलं. मालकाला, ट्रॅक्टरवाल्याला, शेजारच्या बोकडालाही. कुणी उत्तर दिलं नाही. मी विचारतो तेव्हा माणसांना नुसतं ओरडणं ऐकू येतं. "गप रे!" म्हणतात आणि पुढ्यात उसाचं वाढं टाकतात. तुम्ही तरी ऐका. मी एक गाढव बोलतोय. लक्सरला नाईलच्या पश्चिम तीरावर मालक शाझलींच्या दावणीला आम्ही दोघे भाऊ होतो, त्यातला मी धाकटा.

पाहुण्यांना डोंगरातल्या राजांच्या थडग्यांपर्यंत नेणं हा आमचा धंदा. मी उतावळा, पाठीवर माणूस बसायच्या आत निघणारा. भाऊ मात्र संथ. इंग्रज आले की मालक त्याला 'चार्ली' म्हणायचे, जर्मन आले की 'हान्स'. त्याचं स्वतःचं असं नाव कुणी ठेवलंच नव्हतं.

मालकाची मुलगी बदरिया आमच्या आजूबाजूला वाढली आणि इंग्रजीही तिथेच शिकली. "हाय गाईज! नो प्रॉब्लेम! व्हेरी गुड डाँकी!" असं म्हणत ती पाहुण्यांना हसवायची. माझी समजूत अशी की इंग्रजी म्हणजे एवढंच.

मग एक दिवस तिच्या शाळेत कैरोहून तपासणीला मोठे साहेब आले. वर्गात शिरले तशी बदरिया उठली आणि मोठ्यांदा म्हणाली, "हॅलो, बॉस! व्हेअर यू फ्रॉम? कम, कम, लुकिंग इज फ्री!"

अख्खा वर्ग खिदळला. साहेब हसले नाहीत.

संध्याकाळी मिस इन्साफ, तिच्या इंग्रजीच्या बाई, हे सांगायला स्वतः आमच्या अंगणात आल्या. बदरियाला नदीपलीकडे हॉटेलचं काम शिकवणाऱ्या शाळेत जायचं होतं. तिथे तोंडी परीक्षा इंग्रजीत, आणि जागा अगदी थोड्या. नाही मिळाली तर शाळा संपली, मग घरात बसायचं.

"माझं इंग्रजी वाईट आहे का हो, मिस?" बदरिया रडवेली झाली होती.

"वाईट नाही गं. जागा चुकली त्याची. गल्लीत चप्पल घालून हिंडतेस, मशिदीच्या दारात काढतेस ना? तसंच. मोठ्या माणसाशी बोलायचं तर समोर कुणी भारदस्त माणूस आहे असं समजून रोज बोलत जा."

बदरियाने चहूकडे पाहिलं. "आमच्या घरात भारदस्त असा हा एकच आहे," असं म्हणून ती माझ्या भावासमोर जाऊन उभी राहिली. "गुड मॉर्निंग, सर. मे आय हेल्प यू, सर?"

भावाने एक कान हळूच पुढे केला. तेवढं तिला पुरलं.

त्या दिवसापासून भावाला 'सर' आणि मला 'हे, यू!' त्याला 'वुड यू प्लीज', मला 'कमॉन!' एका खुंट्याशी एक इंग्रजी, दुसऱ्याशी दुसरं.

"काय गं," शाझली चिडवायचे, "गाढवाला सर आणि बापाला नुसतं बाबा?"

"तो मधे बोलत नाही, बाबा. तुम्ही गप्प ऐकून घ्या, तुम्हालाही सर म्हणते!"

मला कुतूहल वाटायचं. माणसं एकाच तोंडाने दोन तऱ्हांनी का बोलतात? वरची कुठली, खालची कुठली?

एकदा माझ्या पाठीवर एक इंग्रज चिमुरडी बसली होती. मी शिंकलो आणि ती घाबरून रडायला लागली. बदरिया तेव्हा नव्या इंग्रजीत बुडालेली. ताठ उभी राहून ती म्हणाली, "प्लीज डू नॉट क्राय, मॅडम." चिमुरडी आणखीच जोरात रडायला लागली. मग बदरिया खाली वाकली. "हे, हे, इट्स ओके! लुक, फनी इअर्स!" आणि माझे कान दोन्हीकडे ओढले. पोर खुदकन हसली. त्या वेळी मला कळलं, वरची-खालची असं काही नसतं. समोर कोण आहे, एवढंच पाहायचं असतं.

परीक्षा तोंडावर आली आणि भावाचं पोट फुगलं. सकाळी तो उठला नाही. ट्रॅक्टर आला, त्याला घेऊन गेला. मी दावं तोडायला पाहिलं, पण तुटलं नाही.

बदरिया गोठ्यात यायची, "गुड मॉर्निंग, स..." म्हणायची आणि तिथेच थांबायची. पुढचे शब्द येईनात. शाझली बाहेरून ऐकायचे आणि तसेच मागे फिरायचे.

परीक्षेच्या सकाळीही तसंच झालं. मला राहवलं नाही. दाव्याला हिसका देत देत मी भावाच्या खुंट्यापाशी गेलो. तिथे अजून त्याचा वास होता. मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण उभा राहिलो, त्याच्यासारखा. माशी डोळ्यावर बसली तरी हललो नाही. एक कान हळूच पुढे केला.

बदरियाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरचा रुमाल सावरला. "गुड मॉर्निंग, सर. माय नेम इज बदरिया..." आणि शेवटपर्यंत एकदाही अडखळली नाही.

दुपारी ती धावतच आली. "वृद्ध पाहुणे आले तर काय म्हणशील, विचारलं. मग विचारलं, रडणारं मूल आलं तर? दोन्ही आलं मला! घेतलं मला!" हे सगळं तिने भावाच्या रिकाम्या खुंट्याला सांगितलं, आणि मग माझ्या गळ्यात पडली.

आता दावणीला मी एकटाच आहे. इंग्रज आले की मालक मला 'चार्ली' म्हणतात. ते नाव माझं नाही, त्याचं आहे. कुणाला तो कुठे आहे हे ठाऊक असेल तर सांगा. कसल्याही भाषेत सांगा, मी समजून घेईन.

आज मीच बदरियाला धक्क्यावर सोडलं, भावाच्या चालीने, न पळता. फेरीबोटीत चढण्याआधी ती वळली. "थँक यू व्हेरी मच, सर," म्हणाली. मग माझा कान ओढून, "बाय, वेड्या!"

पहिलं त्याला होतं, दुसरं मला.

गळ्यापर्यंत ओरडणं आलं होतं. पण मी ओरडलो असतो तर ती उतरून परत आली असती. म्हणून बोट पलीकडच्या काठाला लागेपर्यंत मी गप्प उभा राहिलो.