चष्मेवाल्याचा पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना पासवर्ड आहे. जुना म्हटल्यावर लगेच हळवे होऊ नका, माझ्यात तसे काही नाही. मनी नावाची एक मांजर आणि तिच्यापुढे एक, दोन, तीन. एवढाच माझा पसारा.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानात झाला. मालकाने काउंटरवर झोपलेल्या मांजरीकडे पाहिले, मला ठोकून दिले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन जांभई दिली. चष्म्याची एक काच पुसायलाही तो याहून जास्त मेहनत घेतो. पुढे नऊ वर्षे तो मला एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करी. समोर गिऱ्हाईक बसलेले असले तरी.

बुटांच्या साइटवर मी, बुद्धिबळाच्या खेळात मी, वीजबिलाला मी. इथवर ठीक होते. पण त्याच्या ताईने इंटरनेटवर एक फोरम सुरू केला होता. मारझोडीला कंटाळून घर सोडलेल्या बायका तिथे टोपणनावाने बोलत. काम कुठे मिळेल, मुलांना शाळेत कसे घालावे, असे विचारत. ताईचे डोळे अधू झाले तेव्हा तिने तो भावाच्या हाती सोपवला. या गृहस्थाने त्या दारालाही मलाच लावले.

एखादा नवरा बाईच्या नावाने आत शिरू नये, म्हणून नवीन सभासदाला खरे नाव आणि राहण्याचा, कामाचा पत्ता कळवावा लागे. खातरजमा झाली की ताई तो पुसून टाकी. चष्मेवाल्याने मात्र फोरममध्येच यादी करून ठेवली, छान रकाने आखून.

"अरे, यादी कशाला ठेवलीस? आणि तो पासवर्ड तरी बदल," ताई म्हणाली.

"असू दे गं, कधी लागली तर? आणि माझं कोण काय नेणार आहे?"

"तुझं नाही रे बाबा. त्यांचं नेतील."

"बरं, बघतो."

मग त्याने काय केले असेल? फोरमवर ठळक अक्षरांत सूचना लावली: सर्व सभासदांनी आपापले पासवर्ड तातडीने बदलावेत. बायकांनी इमानेइतबारे बदलले. 'सुईदोरा' नावाने लिहिणाऱ्या बाईने तर दोन ओळींचा पासवर्ड केला आणि पाठ केला. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करी आणि आठ वर्षांच्या मुलीला शाळा सुटल्यावर मशीनशेजारी बसवी. तिच्या त्या दोन ओळींपुढे मला माझीच लाज वाटली. चष्मेवाल्याला कशाचीच वाटली नाही.

एके दिवशी बुटांच्या साइटवर चोरी झाली. तिथून मी त्याच्या ईमेलसकट चोरांच्या हाती लागलो. त्यांनी मला जिथे तिथे लावून पाहिले आणि फोरमचे दार पहिल्याच फटक्यात उघडले. नऊ वर्षांत माझे कौतुक झाले ते तेवढेच. त्यांतला एक चोर म्हणाला, "वा, किती सोपं!" यादी त्याने गंमत म्हणून सगळ्यांना दिसेल अशी मांडून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सुईदोराचा निरोप आला:

"दादा, तुम्ही म्हणाला होतात, पत्ता फक्त तुमच्याकडे राहील. काल नवरा कारखान्याच्या दारात उभा होता. मी मुलीला घेऊन मागच्या जिन्याने निघाले. तिची चित्रांची वही मशीनवरच राहिली, त्यासाठी ती अजून रडतेय. आता आम्ही कुठे जातोय, ते तुम्हालाही सांगणार नाही."

चष्मेवाल्याने तो ताईला वाचून दाखवला. तिने फोरम बंद करायला लावला, आणि उरलेल्या बायका आता कुठे विचारतात, हे कोणालाच माहीत नाही.

मला आता काढून टाकले आहे. माझ्या जागी मनी आणि एक, दोन, तीन, चार आला आहे. हसू नका. तुमच्यातही असे शहाणे कमी नाहीत. स्वतःच्या कपाटाला हवे ते कुलूप लावा, मला काय त्याचे. पण कोणी विश्वासाने आपला पत्ता तुमच्याकडे ठेवला असेल, तर माझ्यासारख्या भिकार पासवर्डला त्या दारावर उभे करू नका. मला ते दार सांभाळता आले नाही, आणि मी सांभाळीन असे मी कधी म्हटलेही नव्हते.

चष्मेवाला मात्र म्हणाला होता तेच झाले. त्याचे कोणी काही नेले नाही. त्या आठवड्यात त्याचे नवे बूटसुद्धा वेळेवर घरी आले.