तारीख चुकीची आहे

मित्रांनो, माझे नाव 'उधाण'. मी एक जुना, इवलासा प्रोग्रॅम आहे. खाडीच्या मुखावर भरती किती वाजता येईल आणि तिथे किती पाणी असेल, एवढेच मी सांगतो. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. वाटू द्या. तुमच्या फोनमधली भरती रत्नागिरी बंदराची असते. पूर्णगडच्या अलीकडच्या आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, हे तिच्या गावीही नसते.

माझा जन्म रावजींच्या ओटीवर झाला. जहाजावरची नोकरी संपवून ते गावी परतले आणि होडीतून मुखावर जाऊन काठीने पाणी मोजू लागले. पावसाळ्यात दांडा सरकतो, म्हणून ते दर वर्षी पाऊस संपला की पुन्हा मोजत. त्या मोजमापांतून त्यांनी मला लिहिले आणि मच्छीमार सोसायटीच्या संगणकावर बसवले. तिथली कारकून दर्शना रोज सकाळी मला उघडायची आणि मी सांगितलेली वेळ फळ्यावर लिहायची. माझे कौतुक कधी कोणी केले नाही. पण तो फळा पाहिल्याशिवाय नौका हाकणारा एकही तांडेल दांडा ओलांडत नसे.

मग सोसायटीत नवा संगणक आला. त्याच्या नव्या कार्यप्रणालीने मला उंबरठ्यावरच अडवले. अध्यक्ष आप्पांनी रत्नागिरीहून हर्षदला बोलावले. हर्षद म्हणजे कानात इअरफोन आणि डोक्यात घाई. त्याने माझी एक ओळही वाचली नाही. जुन्या संगणकाचे सोंग घेणारे एक आवरण त्याने कुठूनतरी उतरवून घेतले, मला त्यात कोंबले आणि सुरू केले.

मी लगेच ओरडलो, 'तारीख चुकीची आहे!' मला आधी महिना आणि मग दिवस वाचायची सवय. नवी प्रणाली आधी दिवस देत होती. त्या दिवशी अठरा तारीख होती, म्हणून मला वाटले अठरावा महिना. असा महिना नसतो, एवढे मला तरी कळते.

"हे काय मध्येच?" आप्पांनी विचारले.

"जुनं सॉफ्टवेअर आहे, काका. बडबडतं. थांबा, हा मेसेजच बंद करतो."

त्याने माझे तोंड बांधले. नवी तारीख कळेना, म्हणून मी जुन्या संगणकावर आठवड्यापूर्वी कळलेल्या शेवटच्या तारखेवरच अडकलो आणि तिचीच वेळ दाखवू लागलो. आठवड्याभरात भरतीच्या वेळेला ओहोटी येते, हे खाडीकाठच्या पोरालाही ठाऊक असते.

दर्शना पुढे वाकली. "दादा, मेसेज कशाचा होता, ता तरी बगा."

"ताई, चाललं ना? मग झालं."

"चाललं की!" आप्पा म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

किती स्वस्त असते या लोकांचे समाधान! पडद्यावर आकडे उमटले की काम झाले. ते खरे की खोटे, हे पाहणे त्यांना कमीपणाचे वाटते.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या सागरची नौका परतत होती. जाळे ओढताना त्याचा काका भिकाजी याचा हात यंत्रात सापडला होता. सागरने सोसायटीत फोन लावला.

"दर्शना, काकाचा हात चेचलाय. मुखावर पानी हाय का गो?"

धक्क्यावर जाऊन पाणी पाहायला वेळ नव्हता, म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. मी भरती दाखवत होतो.

"हाय. ये लवकर."

खरे तर तेव्हा ओहोटी होती. नौका दांड्यावर बसली आणि लाटांनी आडवी झाली. पाणी चढेपर्यंत कोणाला जवळ जाता येईना. माणसे सगळी वाचली, पण भिकाजीला दवाखान्यात पोहोचायला फार उशीर झाला. डॉक्टरांना त्याचा हात मनगटापासून काढावा लागला.

हर्षद फोनवर म्हणाला, "भंगार प्रोग्रॅम होता. मी काय करणार?" आप्पांनी मला पुसून टाकायचा हुकूम सोडला. दर्शनाने तो ऐकला नाही. ती रावजींकडे गेली. होय मित्रांनो, माझा कर्ता त्याच गावात, हाकेच्या अंतरावर, जिवंत होता! त्याला विचारावे, असे एकाही शहाण्याला सुचले नव्हते.

रावजींना आता नीट दिसत नाही. ते सांगत गेले, दर्शना टाइप करत गेली. दिवस आणि महिना यांची अदलाबदल करून मला देणारा एक छोटा तुकडा त्यांनी जोडला. मग माझे तोंड सोडवले.

"तो मेसेज नको हो," आप्पा म्हणाले. "लोकं घाबरतात."

"घाबरूदेत," रावजी म्हणाले. "मेसेज नव्हता तेव्हा काय झालं, ते भिकाजीच्या घरी जाऊन बघ."

आप्पा गेले नाहीत. आता मी पुन्हा बरोबर सांगतो, आणि ते आल्यागेल्याला मला दाखवून मिरवतात. हर्षदने दुकानावर पाटी लावली आहे, 'जुनी सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालवून मिळतील.' त्या पाटीखालून आत शिरणाऱ्यांची मला कीव येते.

परवा भिकाजी सोसायटीत आला. दर्शनाने खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही. उभ्यानेच पडद्याकडे पाहत म्हणाला, "ह्याच्यावर अजून इस्वास ठेवतंस गो?"

"आधी धक्क्यावर जाऊन पानी बगते, काका. जुळला तरच फळ्यावर लिवते."

फळ्याकडे एकदा पाहून तो निघून गेला. हर्षद आणि आप्पा यांच्या तुच्छतेला मी तुच्छतेनेच उत्तर देतो. भिकाजीच्या नजरेला माझ्यापाशी उत्तर नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करू नका. ती आम्हाला नको. आम्हाला नव्या घरात न्यायचे असेल, तर आधी आम्हाला वाचा, आमच्या कर्त्याला विचारा. आणि आम्ही ओरडलो, तर काम थांबवून ऐका.