रोटाच्या नऊ मुठी

कानबाईच्या रोटाचे गहू मोजणाऱ्या बाईशी मोजताना कोणी बोलायचं नसतं. भागाला हे माहीत होतं, म्हणूनच ती मुद्दाम तिच्या समोर जाऊन बसली.

साल अठ्ठ्याऐंशी, श्रावण महिना. नागपंचमी झाली होती आणि रविवारी घरात कानबाई देवी बसणार होती. रोट म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या. त्या फक्त भाऊबंदांनी खायच्या, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. त्यांचे गहूही असेच घेत नाहीत. घरात जेवढे पुरुष, तेवढ्या सव्वा मुठी. एकेकाचं नाव मनात घ्यायचं, मूठ टाकायची, वर पाव मुठीएवढी चिमूट सोडायची. भागाच्या घरात हे काम तिच्या थोरल्या काकूकडे, शेवंताबाईंकडे होतं. घरातली सगळी मुलं त्यांना मोठी माय म्हणत.

भागा एरंडोलला दहावीत शिकत होती. गेल्या पोळ्याला बैलांची शेपटी कातरायच्या कात्रीने तिने स्वतःच्या दोन्ही वेण्या कापून टाकल्या होत्या. मामाची सायकल ती भर बाजारातून हाणायची. शाळेच्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा कोणी लांबवला हे तिने दीड दिवसात शोधून काढलं होतं. चोर हेडमास्तरांचा पुतण्या निघाला, त्यामुळे शाबासकीऐवजी तिला छड्या मिळाल्या. तेव्हापासून गावात तिचं नाव सीआयडी पडलं होतं, आणि भागाला ते नाव भलतंच आवडलं होतं.

"मोठी माय, माझी मूठ कुठाय?" तिने दरवर्षीप्रमाणे विचारलं.

शेवंताबाईंनी मान वर केली नाही. "आंडेरनी मूठ ऱ्हास नही."

"का? मुलगी झाले म्हणून मी जेवत नाही का या घरात?"

"दोन माणसांचं जेवस. तरी मूठ नही."

मग भागाने आपला निषेध म्हणून मुठी मोजायला सुरुवात केली. बॉलपेनने डाव्या मनगटावर एकेक रेघ. घरात पुरुष सात. आजोबांचे भाऊ म्हातारे जीवरामनाना, कर्ते रूपचंदआबा, आबांचे तिघे मुलगे, भागाचे वडील मगन आणि तिचा धाकटा भाऊ. शेवंताबाईंचा हात थांबला तेव्हा मनगटावर नऊ रेघा होत्या.

"दोन जास्त पडल्या," भागा म्हणाली. "काढू?" आणि तिने सुपात हात घातला.

शेवंताबाईंनी तिचं मनगट इतक्या जोरात धरलं की रेघा पुसल्या. "नाव लिसन टाकेल शे. काढता येत नही."

"कोणाचं नाव घेतलं?"

"ऊठ. दळण दळानं शे." आणि त्या सूप घेऊन आत गेल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्यांना उठायला दोघी लागायच्या. आज एकट्या उठल्या. भागाने तेही टिपून ठेवलं.

त्या दोन मुठी कोणाच्या, हा प्रश्न दुसऱ्या घरात गमतीचा ठरला असता. या घरात तसं नव्हतं. आबांचा सगळ्यात धाकटा भाऊ पंडित बारा वर्षांपूर्वी पाचोऱ्याला कपाशीचं बी आणायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. लग्नाला आठ महिने झाले होते. बायको बेबा, चोपड्याची, तेव्हा अठरा वर्षांची. पोलीस झाले, भगत झाले, नवससायास झाले. येत्या पितृपंधरवड्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं आबांनी ठरवलं होतं. बारा वर्षं बेपत्ता माणसाचं तसंच करतात. अग्नी दिला की त्याच दिवशी बेबाकाकूचं कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार.

काकू एकदाच बोलली होती. "मला आतून वाटतं, ते जिवंत आहेत."

"आतलं भटजीला ऐकू येत नाही," आबा म्हणाले होते. विषय तिथेच संपला होता.

आता भागाला वाटलं, आतलं नसेल ऐकू येत, पण सुपातलं तर दिसतं ना.

आधी तिने जीवरामनानांना गाठलं. नाना ओट्यावर तंबाखू मळत होते. "नाना, मेलेल्या माणसाच्या नावाची मूठ टाकली तर काय होतं?"

"मार खासी का? तुना आजला गया, त्याच वरीसले त्यानी मूठ बंद. मेलेलानी मूठ पडनी तर रोट नासस, कानबाई कोपस."

"आणि हरवलेल्याची?"

नानांनी तंबाखू तोंडात टाकली. त्यांना दुसरं काही बोलायचं नसलं की ते तंबाखू टाकायचे.

म्हणजे मोठ्या मायने पंडितकाका जिवंत धरला होता. पण ती एक मूठ झाली. आशेवर एक मूठ पडू शकते, एखादी बाई वेड्या मायेपोटी टाकेल. दुसरी? आशेला काही पोर होत नाही. कुळात नवा पुरुष आला तरच नवी मूठ. या वर्षी घरात कोणाला मुलगा झाला नव्हता. मग तो पंडितकाकालाच कुठेतरी झाला असणार, आणि गावातून गेलेला माणूस बहुधा सुरतेलाच सापडायचा. भागाने सायकलवरून गावाला दोन चकरा मारल्या आणि तिसऱ्या चकरेत बन्सीलालच्या दारात उतरली.

बन्सीलाल शेजारचाच, सुरतेला कापडाच्या मागावर कामाला. अर्धा गाव सुरतेला होता आणि कानबाईला झाडून परत यायचा. धरणगाव स्टेशनावर त्या दोन दिवसांत पाय ठेवायला जागा नसे. बन्सीलाल अंगणात दाढी करत बसला होता, तोंडाला फेस.

"बन्सीभाऊ, सुरतेचं काय म्हणतात?"

"काय म्हनतीन? पानी शे, धूर शे."

"आणि आमच्या पंडितकाकाचा मुलगा? आता बराच मोठा झाला असेल."

ती हे इतक्या सहज बोलली की तिलाच स्वतःचं कौतुक वाटलं. बन्सीलालने गालावरून वस्तरा ओढला. "यंदा पहिलीत टाकेल शे ना त्याले—" आणि मग तो थांबला. आरशात त्याला भागा दिसत होती. हनुवटीवर बारीक लाल रेघ उमटली.

"तुले कोनी सांगं?"

"तुम्हीच."

"अय भागा! सीआयडी! इकडे ये व! आबा माले जित्ता गाडतीन!"

पण ती सायकलवर बसून गेलीसुद्धा.

बेबाकाकू मागच्या दारी रोटासाठी जातं धूत होती. रोटाचं पीठ गावच्या चक्कीवरच्या पिठात मिसळू नये म्हणून घरच्याच जात्यावर काढायचं होतं. भागा धापा टाकत आली आणि सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. मुठी, नाना, बन्सीलाल, सुरत, दुसरी बाई, मुलगा. सांगताना तिचे डोळे चमकत होते. आयुष्यातला सगळ्यात मोठा गुन्हा तिने एका दिवसात उलगडला होता, शिवाय काकू विधवा होण्यापासून वाचली होती. कुठल्याही माणसाला आनंद व्हावा अशीच ही बातमी होती.

काकूने जात्याच्या पाळीवरून ओला फडका फिरवला. दोनदा फिरवला. "मुलगा केवढा?"

"पहिलीत आहे."

"म्हणजे सहा वर्षांचा." "हे तू मला का सांगितलंस?"

"खरं आहे म्हणून."

"खरं असलं की सांगायचंच असतं का?"

काकूने फडका पिळला.

"पुतळा जाळला असता तर मी त्याची विधवा झाले असते," काकू म्हणाली. "विधवेला लोक बिचारी म्हणतात. टाकलेलीला काय म्हणतात, ठाऊक आहे? हिच्यातच काहीतरी असेल म्हणतात. आबांनी पुतळा का ठरवला असेल? भाऊ मेला म्हटलं की झाकलं. भाऊ पळाला म्हटलं की सोयऱ्याधायऱ्यांत तोंड कुठे दाखवायचं? आणि मोठ्या बाईंनी बारा वर्षं माझ्या ताटात भाकरी वाढली. मला खोटं सांगत राहिल्या, आणि देवीपुढे खोटं मोजायला मात्र भ्यायल्या."

"मग आता?"

"आता तू जा. मला जातं पुसू दे."

भागा गेली. त्या दिवशी ती सायकलवर बसली नाही, हातात धरून चालत राहिली. गुन्हा शोधला की पुढचं सगळं आपोआप होतं असं तिला वाटायचं. दिव्याच्या वेळी छड्या खाल्ल्या, पण दिवा तरी परत मिळाला होता.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळाचा मुखवटा, नाकात नथ, समोर कणकेचे दिवे. आरती झाली आणि पुरुषांची पंगत बसली. सात पाट. वाढायला बेबाकाकू होती. तिने सात पत्रावळी मांडल्या. मग भिंतीकडचे दोन पाट ओढले आणि आणखी दोन मांडल्या. दोन्हींवर रोट ठेवला, वर तुपाची धार धरली.

"हे कोणासाठी?" आबांनी विचारलं.

"मोठ्या बाईंना विचारा. गहू त्यांनी मोजलेत."

भागाचे वडील दिव्याकडे बघत राहिले, त्यावरून तेही जाणून होते हे भागाला कळलं. जीवरामनानांच्या तोंडात नेमकी तेव्हा तंबाखू नव्हती. शेवंताबाई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"सांगा ना," काकू म्हणाली. "पत्रावळी दोन आहेत. नावंही दोन असतील."

"बेबा, सणाच्या दिवशी तमाशा नको," आबा म्हणाले.

"पुतळा जाळायला निघाला होतात, तो काय भजनाचा कार्यक्रम होता?"

एवढं बोलणारी काकू त्या घराने बारा वर्षांत पाहिली नव्हती. आबांनी बायकोकडे पाहिलं. शेवंताबाई चौरंगाकडे बघून बोलल्या, आबांकडे नाही.

"माले माफ कर, बेबा. तठे पंडित शे. पोऱ्याबी शे. देवीपुढे कसं खोटं मोजू? आते माझ्यानं पुतळाबी पाहवनार नही."

"मग आता काय, जाऊन त्याला धरून आणू?" आबा उसळले. "त्या बाईला, पोराला घेऊन येईल, चालेल तुला?"

"मला तो नको." काकूने तुपाची वाटी खाली ठेवली. "मला फारकत पाहिजे. पंचांसमोर, त्याच्या सहीची. जिवंत माणसाची विधवा मी होणार नाही. तोंड तुम्हाला लपवायचं असेल तर लपवा. मी काही केलेलं नाही."

आबा रोट न खाता उठू शकत नव्हते. देवीच्या पंगतीतून उपाशी उठत नाहीत. त्यामुळे त्यांना तो पूर्ण रोट, काकूच्या समोर, चावून चावून खावा लागला. त्यालाच बराच वेळ लागला. शेवटचा घास गिळून ते म्हणाले, "बुधवारी मगन आणि मी सुरतेला जातो."

गेले. पंडित आला नाही, पण कागद आला. दोन पंचांच्या सह्या आणि खाली पंडितची, वाकडी. आबांनी काकूसमोर शाईचं पॅड धरलं. काकूने ते बाजूला सारलं, भागाचं बॉलपेन मागितलं आणि पूर्ण नाव लिहिलं. माहेरचं.

पितृपंधरवड्यात भटजी आले नाहीत. काकू पोळ्याआधीच निघाली. चोपड्याला भावाकडे राहायचं, तिथल्या बालवाडीत जागा होती, ते बघायचं. मोठ्या बाईंच्या पाया पडली का? पडली. पण त्यांनी दिलेलं लुगडं घेतलं नाही.

स्टँडपर्यंत ट्रंक भागाने सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली. वाटेत काकू रागावली आहे की नाही याचा भागाने खूप विचार केला, पण पुरावा कुठल्याच बाजूने पुरेसा मिळेना. चोपड्याची गाडी आली. काकूने खिडकीची जागा एका पोत्यावाल्याशी भांडून मिळवली.

"काकू, पोहोचल्यावर पत्र टाका," भागा खालून ओरडली.

"काकू नको म्हणू आता. तुझी काकू सुरतेला आहे." ती खिडकीतून वाकली. तिच्या कपाळावर कुंकू होतं, रोजच्यापेक्षा लहान. "बेबा म्हण."

भागाने प्रयत्न केला. हेडमास्तरांना तोंडावर चोराचा काका म्हणणाऱ्या मुलीची जीभ इथे अडली. कंडक्टरने घंटी मारली.

"बेबाताई," एवढंच जमलं.

"चालंल," बेबा म्हणाली, आणि धूळ येऊ नये म्हणून तिने काच ओढून घेतली.