पिकअपचा पोळा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कामशेतात कुणालाही विचारा. त्यामुळे रखमाजी आबांचा व्हॉइस मेसेज बैलगाडा मालकांच्या ग्रुपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला, तेव्हा माझं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. आबा त्यात म्हणत होते, "त्या परवीनच्या दुकानात कुनी गाडी दिऊ नका. लायटी लावल्या, पंखा लावला, आन माज्या चांगल्या गाडीचं पार वाटुळं केलं."

आबा औंढ्याचे. शेती आहे, पण जीव सगळा बैलांत. बैल घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, न्यायला एक पांढरी पिकअप घेतली आणि पोळ्याच्या आधी माझ्याकडे आणली. मी तिला धुक्यातले दिवे लावले, मोठा हॉर्न लावला, गाणी लावायचा सेट बसवला आणि मागे हौद्यात बैलांसाठी पंखा. हो, बैलांसाठी. हसायचं असेल तर हसा, पण शर्यतीचा बैल घरातल्या जावयापेक्षा जास्त लाडात असतो. गाडी चालवते आबांची सून सारिका. ती त्या दिवशी सगळं चालू करून बघूनच गेली होती.

पोळा झाला आणि गाडीला खोड्या सुचायला लागल्या. पंखा लावला की दिवे मंद. हॉर्न दाबला की गाणं बंद. एकदा तर चालता चालता इंजिनच बंद पडलं. कुणी तरी सांगितलं, बाहेरचं सामान बसवलं की असंच होतं. आबांनी मला एक फोनसुद्धा केला नाही, थेट ग्रुपवर निकाल दिला. आठवड्याभरात दोन मालक माझ्या दारातून आपापल्या गाड्या घेऊन गेले. माझी निम्मी गिऱ्हाइकं बैलगाडावाली. अब्बांची नजर गेल्यापासून दुकान मी चालवते, पाटीवर नाव मात्र अजून त्यांचंच, चाँदभाई. असेच आणखी चार गेले असते तर शटर ओढायची वेळ आली असती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी तीच पिकअप पवनेकडच्या फाट्यावर, माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर बंद पडली. मागे बैलजोडी, पुढे सारिका आणि आबा. पुढच्या गावात शर्यत. पुकारा झाला आणि गाडा हजर नसला, की आपली बारी, म्हणजे पळायची पाळी, गेली समजायचं. मी मीटर आणि पाने घेऊन निघाले.

"तू हात लावू नगंस," आबा म्हणाले. "तुज्यामुळंच झालंय समदं."

"आबा, माझ्या वायरीत दोष निघाला तर मी आज दुकानाची पाटी उतरवते. चार माणसांदेखत सांगते."

चारची चाळीस माणसं झाली होती. फाट्यावर चहा पिणारे सगळे गोळा झाले. सारिका म्हणाली, "बघू द्या की तिला, मामंजी. बैल काय ढकलत न्यायचेत का?"

मी माझ्या चारही वस्तूंचे फ्यूज काढले. सारिकाने किल्ली फिरवली आणि गाडी लगेच चालू झाली.

"बगा," आबा लोकांकडे वळून म्हणाले, "हिचं सामान बंद, गाडी झ्याक. आजून काय पाहिजे?"

कुणीतरी माझ्या दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, चुकलंच आपलं कुठेतरी. पण मग रागच मदतीला आला. दोष माझ्या सामानात असेल तर कुठल्या तरी एकाच वस्तूत असेल. चारही एकदम कशा बिघडतील? मी सारिकाला म्हटलं, "माझं सगळं बंदच राहू दे. आता कंपनीचेच मोठे दिवे लाव, वायपर लाव, आतला पंखा लाव. सगळं एकदम."

तिने लावलं. वायपर अर्ध्या काचेवर जाऊन अडखळला, दिवे पिवळे पडले आणि इंजिन गचके खाऊन बंद झालं.

"आबा, यातलं माझं काय आहे?" मी विचारलं. आबा टोपी सारखी करत राहिले.

बॅटरी तपासली, ती ठणठणीत. मग विजेचा परतीचा रस्ता बघायचा राहिला. एसटी नुसती गावाला जाऊन भागत नाही, डेपोत परत यावी लागते. तसंच विजेचं. बॅटरीतून निघते, दिव्यात जाते आणि गाडीच्या पत्र्यातून काळ्या वायरने बॅटरीत परत येते. सारिकाला पुन्हा सगळं चालू करायला लावून मी मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली, दुसरी पत्र्याला. काटा जागेवर राहायला हवा होता. तो चांगलाच हलला, म्हणजे परतीच्या वाटेवर कुठेतरी अडथळा होता.

मी दुकानातून जाड केबल आणली. एक टोक बॅटरीला, दुसरं पत्र्याच्या एका उघड्या कडेला. माझे चारही फ्यूज परत बसवले. "लाव गाडी. आणि काहीही बंद ठेवू नको."

दिवे लखलखले, पंखा भिरभिरला, गाणं सुरू झालं. सारिकाने हॉर्नवर अख्खा तळहात ठेवला. फाटा दणाणला, बैलांनी माना वर केल्या, आणि मी तिथे रस्त्यात उभी राहून मोठ्याने हसले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आता दोष लपून राहणार नव्हता. काळी वायर बॅटरीखाली जिथे पत्र्याला बसते तो बोल्ट मी खोलला. वायरीच्या टोकाखाली पत्र्यावर लालभडक तेलरंगाचा जाड थर होता. रंगातून वीज जात नाही. हा लाल रंग मी बंपरच्या टोकांवरही पाहिला होता, पण सजावट म्हणून सोडून दिला होता.

"हे कुणी केलं?"

"गाडीला कुनी हात लावला न्हाई," आबा म्हणाले, आणि मग त्यांची नजर त्या लाल थरावर गेली. "पोळ्याला बैलांची शिंगं साळली, लाल हिंगूळ लावला. म्हनलं, ही गाडी बी राबतीया, हिनं काय घोडं मारलंय? तितं गंज आल्याला. म्या बोल्ट काडला, गंज साळला, रंग दिला, पुन्ना घट बसिवला. लय मनापासनं केलं, पोरी."

लोक हसले. मी नाही हसले. गंज खरवडेपर्यंत आबांनी अगदी बरोबर केलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. मग पॉलिश पेपरने रंग काढला, पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला आणि केबल काढून घेतली. सगळं तसंच चालू राहिलं.

मी दुकानाकडे वळले तर आबांनी गाडीचं दार उघडून धरलं. "बस. तू हितं न्हाई, घाटात पाहिजेस."

आम्ही पोचलो तेव्हा आमच्या आधीचा गाडा सुटत होता. सारिका बैल उतरवायला धावली. आबा मात्र बैल सोडून थेट निवेदकाकडे गेले आणि त्यांनी त्याच्या हातातला माइक घेतला. समोर तालुक्यातले सगळे गाडामालक होते, ग्रुपवर तो मेसेज ऐकलेले. मी घाईघाईने अब्बांना फोन लावला आणि तो कर्ण्याच्या दिशेने उंच धरला.

"आता पळतोय तो गाडा रखमाजीचा, आन कामशेतच्या परवीन चाँदभाईचा," आबा म्हणाले. "ग्रुपवर म्या बोललो ते खोटं हुतं. पोरीचं काम चोख हाय. गाडी म्या बिगडिवली, तिनं रस्त्यात हुबं ऱ्हाऊन नीट केली. ज्यानं ज्यानं तिच्याकडनं गाडी माघारी नेली, त्यानं उद्या तिच्या दारात न्यावी."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. फोन कानाला लावला.

"परवीन," अब्बा म्हणाले, "त्यांना पुन्हा एकदा बोलायला सांग ना."

सांगायची गरज पडली नाही. बैल सुटले, बघता बघता घाट चढून निशाणापार गेले, भंडाऱ्याने हवा पिवळी झाली, आणि ठरलेल्या सेकंदांत आलेला पहिल्या नंबरचा गाडा म्हणून निवेदकाने आमची दोघांची नावं परत पुकारली.