वाढ नाही

आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त लिहिले जाणारे दोन शब्द म्हणजे ‘वाढ नाही’. पेशंटचा नमुना पसरलेल्या प्लेटवर जंतू उगवले नाहीत, पेशंटने सुटकेचा निःश्वास टाकावा. सत्तावीस वर्षं मी ते लिहितेय. आता हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही. घरी ताई त्यावरून टोमणे मारते. “लॅबमध्ये वाढ नाही, निदान घरी तरी वाढ!” म्हणत ताट पुढे सरकवते.

ताई माझी मोठी बहीण. दोन वर्षांपूर्वी तिने गुडघा बदलून घेतला आणि तेव्हापासून तो दुखतोच आहे. ताप नाही, सूज नाही, रक्ताच्या तपासण्या ना धड वाईट, ना धड चांगल्या. तिच्या सुनेने ‘आईंचं नाटक’ असं नाव ठेवलं, म्हणून ताई माझ्याकडे राहायला आली. आणि मी काय केलं? एकदा वैतागून म्हणाले, “ताई, गुडघा नाही, तुझं डोकं दुखतंय.” त्या दिवशी ती जेवली नाही.

माझ्याकडे पुरावा होता ना! वर्षापूर्वी तिच्या सांध्यातलं पाणी आमच्याच लॅबमध्ये आलं होतं. पाचव्या दिवशी प्लेट कोऱ्या. आमच्या लॅबप्रमुख बाई म्हणाल्या, “कृत्रिम सांधा आहे. अजून थोडे दिवस ठेवायच्या का?” प्लेट उबेत ठेवायचा इन्क्युबेटर गच्च भरलेला होता. शिवाय बहिणीसाठी वेगळा नियम केला, असं कोणी म्हणायला नको होतं. मी म्हणाले, “पाच दिवस म्हणजे पाच दिवस.” ‘वाढ नाही’ लिहिलं, सही ठोकली, प्लेट टाकून दिल्या. प्रामाणिकपणाची केवढी ऐट होती मला!

यंदा सर्जन नवे होते. त्यांनी दुर्बीण घालून सांध्यातल्या पाच जागांचे पाच तुकडे काढले आणि मला फोन केला. “काही जंतू फार आळशी असतात. चौदा दिवस थांबा. सापडला तर सांधा काढून, औषधं देऊन नवा बसवू. नाही सापडला तर मी उगाच गुडघा उघडणार नाही.”

म्हणजे जंतू सापडला नाही, तर ताईने जन्मभर दुखणं घेऊन नाटकी ठरायचं.

पाचही तुकड्यांच्या प्लेट मी हवाबंद डब्यात ठेवल्या. पाचवा दिवस कोरा गेला, सातवाही. घरी ताई काही विचारायची नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. मला ते बघणं सोसेना. मी लवकर झोपायचे आणि उठायचे ती दमलेलीच.

नवव्या दिवशी तिसऱ्या तुकड्याच्या प्लेटवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले. पण एकाच तुकड्यात उगवलं, तर ते आमच्याच कातडीवरून पडलेलं असू शकतं. दोनात तोच जंतू हवा. आयुष्यात पहिल्यांदा मी जंतूंच्या विनवण्या केल्या. बाबांनो, उगवा.

अकराव्या दिवशी पहिल्या आणि चौथ्या तुकड्यातही तेच ठिपके आले. तपासून पाहिलं, तिन्हीकडे जंतू एकच होता. कातडीवर राहणारा, सावकाश वाढणारा. बाईंनी पुन्हा सगळं पाहिलं आणि पाठीवर हात ठेवला. मला मात्र कचऱ्यात गेलेल्या त्या कोऱ्या प्लेट दिसत होत्या.

सर्जनना कळवून घरी गेले. ताई टेबलाशी पाय लांब करून बसली होती.

“ताई, वाढ आहे. पाचांपैकी तीन तुकड्यांत. जंतू आहे तुझ्या गुडघ्यात.”

तिने हाताने गुडघा चाचपला.

“गेल्या वर्षीचा रिपोर्ट मी केला होता. बाई थांबायला सांगत होत्या. मीच ऐकलं नाही. थांबले असते तर कदाचित तेव्हाच सापडला असता. चुकले मी.”

मला वाटलं, आता ती बोलेल, रागावेल. बोलायलाच हवं होतं तिने. ती रडायला लागली, पण चेहरा उजळला होता. “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते,” ती म्हणाली.

“नव्हतीस गं.”

तिने डोळे पुसले. टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं.

“मग हे लिहून दे. सुनेला दाखवायचंय. आणि खाली सही तुझीच हवी.”